एकशे ऐंशी ग्रॅम

विलू, तू माझं ऐकायला नको होतंस.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. लोक भेटायला येतात, "तुमचा भाऊ देवमाणूस होता हो" म्हणतात. मी मान डोलावते आणि मनात म्हणते, देवमाणूस कसला, एक नंबरचा हट्टी होता. पोह्यांत शेंगदाणे दिसले की ताट सरकवून उठणारा. डॉक्टरांनी सांगितलेली सकाळची फेरी एक दिवस केली नाहीस. एवढा हट्ट सगळीकडे केलास, आणि जिथं पाय रोवून उभं राहायचं होतं तिथं मात्र "अक्का म्हणते तर करू की" म्हणून मोकळा झालास. रागाच्या भरात तुला 'मेल्या' म्हणायची माझी लहानपणापासूनची सवय. परवा तुझ्या फोटोसमोर ते तोंडाशी आलं आणि जीभ चावली. आता तेवढासुद्धा राग तुझ्यावर काढता येत नाही.

तसं भांडण आपल्याला नवं नव्हतं. सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दोन खोल्यांत वाढलो, भांडणार नाही तर काय करणार? तू तेरा वर्षांचा होतास तेव्हा बाबा ड्यूटीवर गेलेले बघून त्यांची फटफटी खोललीस. मी शहाणी, अठरा वर्षांची. वर्तमानपत्र अंथरून प्रत्येक नटाशेजारी पेन्सिलीनं नंबर लिहीत बसले. तू म्हणालास, "नंबर कायकु, अक्का? माझ्या हाताला आठवतंय." बाबा आले तेव्हा इंजिन अंगणभर पसरलेलं. दोघांनाही प्रसाद मिळाला, तुला खोललं म्हणून आणि मला अडवलं नाही म्हणून. मग तू माझ्या एकाही नंबराकडं न बघता संध्याकाळपर्यंत ती जोडलीस, एका लाथेत चालू केलीस, आणि एक नट उरला. तो नट कुठला होता यावर आपण चाळीस वर्षं वाद घातला. मी म्हणायची, तू विसरलास. तू म्हणायचास, तो कंपनीनंच जास्तीचा लावला होता.

पुढं मी विद्यानगरला खोली घेऊन युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकले, आणि तू दहावीत आपटलास आणि गौलीगुड्यात, बस स्टँडामागच्या गल्लीत फटफट्या दुरुस्त करणाऱ्या हमीद उस्तादांकडं जाऊन बसलास. आई रडली. मी तुला तासभर भाषण दिलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "अक्का, पुस्तकात बसलेलं माझ्या डोक्यात बसत नाही. हातात बसलेलं मात्र उठत नाही." मला तेव्हा तो बहाणा वाटला. उस्ताद गेले आणि त्यांचा कारखाना तुझ्याकडं आला, तेव्हा सगळ्या हैदराबादेतून लोक जुन्या एका सिलिंडरच्या फटफट्या घेऊन तुझ्याकडं यायला लागले. तरी मी मनात तुला दहावी नापासच धरून होते. हे आज लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

मी तुझ्या हातांचं खाल्लंय, विलू, आणि तुझ्याच हातांना नावं ठेवली. शाळेत माझ्या नववीच्या पोरांना जडत्व काही केल्या कळेना म्हणून मी तुझ्याकडं रडगाणं गायले, तर तू सायकलचं जुनं चाक घेऊन त्यावर सरकणारी वजनं बसवून दिलीस. वजन कडेला सरकवलं की चाक जड फिरतं, मधे आणलं की हलकं. मुलं रांग लावून फिरवायची. वीस वर्षं ते चाक माझ्या वर्गात होतं. आज बाजारात कुणी जुना विद्यार्थी भेटला की त्याला माझं नाव आठवत नाही, पण "मॅडम, वह चाक है क्या अभी?" म्हणून विचारतो. तेवढ्यासाठी तुला मी कधी धड 'बरं झालं' म्हटलं का? नाही म्हटलं. "रंग नीट लाव की याला," म्हटलं.

तुझं सगळ्यात लाडकं काम क्रँकचं. मी कितीदा तरी स्टुलावर बसून ते बघितलंय. टेबलावर दोन पोलादी पट्ट्या अगदी सपाट लावलेल्या. त्यांवर क्रँक, म्हणजे ती दोन जड चाकं आणि मधला पिस्टनचा दांडा, अलगद ठेवायचास. दांड्याच्या टोकाला वजन लटकवायचास आणि एका बोटानं चाक ढकलायचास. जी बाजू जड ती लोळत खाली येई. तिथं खडूनं खूण करून ड्रिलनं भोक पाडायचास, निघालेला लोखंडाचा बुरा कागदावर गोळा करून सराफी काट्यावर तोलायचास आणि पुन्हा पट्ट्यांवर. पुन्हा ढकल, पुन्हा खूण. शेवटी असं व्हायचं की क्रँक कुठंही सोडा, तिथंच उभा. वर नाही, खाली नाही. मग तू हातातला खडू ठेवायचास आणि म्हणायचास, "आता गप झालं." तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा असायचा. मला हेवा वाटायचा रे. माझ्या कुठल्याच कामानंतर माझा चेहरा तसा झाला नाही.

आणि त्यातच मी घाण केली.

नऊ वर्षं झाली असतील. अंबरपेटचे नरसिंगराव त्यांच्या फटफटीचं इंजिन टाकून गेले होते, सोबत नवा हलका पिस्टन आणि हलका दांडा. "हलका माल डालो विलास, पंखी जैसा भागना," असं सांगून गेले. मला शाळेला सुट्टी होती, तुझ्या बायकोला, शोभाला, लोणच्याची बरणी द्यायला आले होते. शोभा वरच्या मजल्यावर घरात, आणि मी खाली कारखान्यात तुझ्याजवळ चहा पीत. तू जुना माल काट्यावर ठेवलास, मग नवा. वर-खाली जाणारं वजन एकशे ऐंशी ग्रॅमनं कमी झालं होतं. पिस्टनचा धक्का जिरवायला चाकांच्या एका बाजूला जास्तीचं लोखंड ठेवलेलं असतं. पिस्टन हलका झाला तर ते लोखंडही कमी करायला हवं, एवढं मला तिथंच समोर दिसत होतं. मी म्हटलं, "मग काढ की एकशे ऐंशी. त्यात विचार कसला?"

तू डोकं खाजवलंस. "तसं नसतंय, अक्का. उस्ताद म्हणायचे, पूरा नक्को काटू, आध्यापेक्षा थोडं वर. बस."

"का?"

"ते माहीत नाही. तेच सांगायचे."

"उस्तादांनी सांगितलं म्हणून? उस्तादांनी लिंबू-मिरची बांध म्हटलं असतं, तर बांधली असतीस?"

तू हसलास. मग खरंच समजावून सांगायचा प्रयत्न केलास. दोन्ही हात हवेत धरून एक वर-खाली केलास आणि दुसरा गोल फिरवलास. "हे बघ, हे वर-खाली जायलंय, हे गोल फिरायलंय. दोन्ही एक नाहीत. पूरं काटलं तर..." आणि तुला शब्द सापडेना. तुझे हात मात्र बरोबर सांगत होते. मी ते हात बघितलेच नाहीत. शेजारच्या लेथवरचे दोघं आणि चहावाला उंबऱ्याशी उभे राहून ऐकत होते. मी मुद्दाम हिंदीत म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून, "देखो, दसवीं फेल मेरे को वजन सिखा रा." ते हसले. तूही हसलास. ते हसू माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तू ड्रिल घेतलंस. दोन्ही चाकांतून थोडं थोडं काढत गेलास. एकशे दहा ग्रॅम बुरा कागदावर जमला तेव्हा थांबलास, क्रँक पट्ट्यांवर ठेवलास, उस्तादांच्या हिशोबानं केलेलं वजन दांड्याला लटकवलंस आणि बोट लावलंस. क्रँक तिथल्या तिथं उभा राहिला. तू दुसऱ्या बाजूला ढकललास, तिथंही उभा. तू माझ्याकडं बघून म्हणालास, "गप झालंय, अक्का."

मी म्हटलं, "तुझं वजन चुकीचं आहे म्हणून गप झालंय. अजून सत्तर राहिलेत."

विलू, तुझ्या डोळ्यांसमोर ते उभं होतं. पोराबाळांनाही कळलं असतं. तुझे उस्ताद सांगत होते, पट्ट्या सांगत होत्या, तुझे हात सांगत होते. एका बाजूला एवढं सगळं, आणि दुसऱ्या बाजूला मी, लोणच्याची बरणी घेऊन आलेली. आणि तू माझं ऐकलंस! सत्तर ग्रॅम अजून काढलेस. नंतर पट्ट्यांवर ठेवलंस तर क्रँक लोळून उलटला.  दांडा बसतो ती पिन खाली आली, ती बाजू जराशी हातानं पुसलीस आणि इंजिन बांधायला घेतलंस. एकदा तरी ओरडायचंस माझ्यावर. "अक्का, हे माझं काम आहे, तू शाळेत जा," एवढं म्हणायला काय झालं होतं? मी आठ दिवस रुसले असते, नवव्या दिवशी आले असते. तुला ठाऊक होतं की मी येते.

पुढचं तुला सांगायची गरज नाही, पण मी कधी तोंडानं म्हटलेलं नाही म्हणून म्हणते. नरसिंगराव विजयवाड्याच्या रस्त्याला निघाले. गाडी हळू होती तोवर ठीक. वेग घेतला तशी अशी थरथरायला लागली की त्यांचे हात बधिर झाले. पेट्रोलच्या टाकीचा जोड तडकला आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकायला लागलं. वासावरून कळलं म्हणून माणूस वाचला. गाडी टेम्पोत घालून ते थेट तुझ्या दारात आले. शोभानं मला फोन केला, "अक्का, नरसिंगराव तमाशा करायलेत, या तुम्ही." मी रिक्षानं आले तोवर गल्ली जमली होती. "जलके मर जाता था मैं! उस्ताद के नाम पे दुकान खोलके बैठा तू!" असं ते ओरडत होते. शोभा हातात पाण्याचा ग्लास घेऊन जिन्याशी उभी होती. तू मान खाली घालून म्हणालास, "गल्ती मेरी है साब. मेरेसे ज्यादा कट गया."

तू माझ्याकडं बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर कदाचित मी बोलले असते. असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं सांगू? नसते बोलले. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी राहिले आणि मनात म्हटलं, बेअरिंग खराब असेल.

तू नवी चाकं आणून ते इंजिन परत बांधलंस, या वेळी उस्तादांच्या सांगण्याप्रमाणे, आध्यापेक्षा थोडं वर. ते सशासारखं पळालं. मग मात्र मला बसवेना. एका दुपारी पेपर तपासायचे बाजूला ठेवून कागद घेतला. अर्ध्या पानात उत्तर आलं. पिस्टन एका रेषेत वर-खाली जातो. चाकावरचं लोखंड गोल फिरतं. त्या लोखंडानं पिस्टनचा वर-खालीचा धक्का सगळाच जिरवायचा म्हटलं तर तेच लोखंड आडवा धक्का द्यायला लागतं. म्हणून पिस्टनच्या वजनाचा आध्याहून थोडा जास्त भागच चाकावर तोललेला असतो, बाकीचा तसाच सोसायचा. मग पिस्टन एकशे ऐंशीनं हलका झाला तर चाकातून काढायचे एकशे दहाच्या आसपास. तू एकशे दहावर थांबलास. गणित न करता थांबलास. मी फिजिक्स शिकवणारी बाई, मी सरळ किराण्याच्या तराजूसारखं बघितलं, इकडचं गेलं तेवढं तिकडचं जावं. तो कागद मी पुस्तकात घातला आणि पुस्तक कपाटात. तुझ्याकडं घेऊन आले नाही.

नरसिंगराव वाईट माणूस नव्हेत, पण तोंडाचे मोकळे. सिकंदराबादच्या फटफटीच्या शौकिनांत, मेहदीपट्टणमला, सगळीकडं सांगत फिरले की विलासचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. क्रँकची कामं यायची बंद झाली. तू सिलिंडर बोअर करत राहिलास, व्हॉल्व्ह घासत राहिलास. एकदा आले तर टेबलावर पट्ट्या नव्हत्या. तेल लावून, फडक्यात गुंडाळून खाली सारल्या होत्यास. मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला ठरवून आले होते. ओवाळताना सांगायचं, सगळ्यांसमोर, शोभा आहे, तुमची पोर आहे, बरंच झालं. तबक हातात घेतलं, तू टोपी घालून पाटावर बसलास, आणि माझ्या तोंडून निघालं, "पोट केवढं सुटलंय रे तुझं!" सगळे हसले. पुढच्या भाऊबीजेला म्हटलं, आता जुनं झालं, कशाला उकरायचं. त्याच्या पुढच्या वर्षी तर आठवण आली याचाच राग आला. असं करत करत नऊ वेळा ओवाळलं तुला.

आणि एकदा तूच दार उघडून दिलंस. या उन्हाळ्यात. माझ्याकडं जेवायला आला होतास, जेवण झाल्यावर सुपारी कातरत बसला होतास. सहज विचारलंस, "अक्का, ते वर-खालीचं अन् गोलचं, पोरांना शिकवायचीस का तू?" तुझ्या आवाजात टोमणा नव्हता. उत्सुकता होती. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं, की उस्ताद बरोबर का होते. नऊ वर्षं तुला ते 'का' सापडलं नव्हतं आणि माझ्या कपाटात अर्ध्या पानावर ते पडून होतं. मी म्हटलं, "ते अभ्यासक्रमात नाही."

तू "हौ का" म्हणालास आणि सुपारी तोंडात टाकलीस. मला माफी मागता आली नाही ते एक वेळ जाऊ दे. पण मी शिकवणारी बाई, आणि तू विचारलेलं मी तुला शिकवलं नाही. आयुष्यभरात एवढा चांगला प्रश्न मला कुठल्या विद्यार्थ्यानं विचारला नव्हता.

मग तू गेलास. दुपारी चहा सांगितलास आणि चहा येईपर्यंत नव्हतास. मी पोचले तेव्हा तुझ्या नखांत काळं तेल होतं. शोभा ते पुसायला लागली, मी तिला नको म्हटलं. राहू दे तसंच, म्हटलं. तेवढं एक मी बरोबर सांगितलं असेल.

आता तेरवीचं सांगते, कारण ते तुला माहीत असायला हवं.

तेरवीला नरसिंगराव आले. थकलेत खूप, काठी लागते. पंगतीत बसले, मी वाढत होते. खीर वाढायला वाकले तेव्हा म्हणाले, "अम्मा, विलास जैसा आदमी नै मिलता. मेरे क्रँक में एक बार हाथ चूक गया उसका, बस. बाकी सोना था." मनापासून म्हणाले रे, वाईट बोलायचं म्हणून नाही. आणि पलीकडं पाण्याचा तांब्या घेऊन उभी असलेली शोभा, डोक्यावरचा पदर सावरत, पाहुण्याचं मन राखायचं म्हणून म्हणाली, "हौ, तेवढी चूक झाली त्यांच्याकडून. मनाला लावून घ्यायचे ते."

तुझ्या तेरवीच्या पंगतीत. तुझा फोटो समोर, हार घातलेला. मी खीर वाढत पुढच्या पानावर गेले. खरंच गेले, विलू. एक पान, दोन पानं. तिसऱ्या पानावर माझं लक्ष तुझ्या फोटोकडं गेलं आणि खीर पानाबाहेर सांडली. मग मी पातेलं खाली ठेवलं आणि परत आले.

म्हटलं, "नरसिंगरावजी, हाथ उसका नै चूका. वह एक सौ दस पे रुक गया था. हिसाब मेरा था. मैं बोली और काट. वह नक्को बोल रा था."

नरसिंगरावांचा घास हातातच राहिला.  त्यांनी पहिल्यांदा मला नीट बघितलं, बहुतेक वेडीबिडी झाली का म्हणून. मग कळलं त्यांना. म्हणाले, "नौ बरस, अम्मा?" मी म्हटलं, "हौ."  मग हळू आवाजात म्हणाले, "मैं कितने लोगां को बोला. अब किसको किसको जाके बोलूं? आधे तो गुजर गए." आणि जेवण तसंच ठेवून, हात धुऊन, तुझ्या फोटोसमोर जाऊन काठी टेकवून उभे राहिले.  माणूस मोठा निघाला.

मला वाटलं, सुटले. हो, खोटं कशाला बोलू, छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. तुझ्या नावावरचा डाग पुसला, निदान त्या पंगतीपुरता. मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं असेल.

 पाहुणे गेले, पत्रावळी उचलल्या, पातेली मोरीत गेली. मी शोभाशेजारी बसून घासायला लागले. ती एकच परात घासत होती, घासत होती. मग तिकडंच बघत म्हणाली, "मी त्यांना बोलायची, अक्का."

मी म्हटलं, "काय बोलायचीस?"

"हेच. क्रँकचं. घरात काही कमी पडलं, कुणी काम घेऊन आलं नाही, की मी म्हणायची, तुमच्याच हातानं घालवलं तुम्ही. नऊ वर्षं. एकदा पोरीसमोर बोलले, बापाच्या चुकीमुळं असं झालं म्हणून. ते जेवत होते, उठले नाहीत. ऐकून घेतलं अन् भाजी वाढ म्हणाले." परात खाली ठेवली तिनं. "एकदा पण तुमचं नाव घेतलं नाही हो त्यांनी. मला पण नाही सांगितलं. तुम्ही सांगितलं असतं, अक्का, तर मी त्यांना असं बोलले नसते. आता मी कुणाला सांगू?"

 तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तर ती उठून आत गेली. पाच दिवस झाले, ती माझ्याशी बोललेली नाही. मी रोज जाते, खाली कारखान्यात बसते, वर जायचं धाडस होत नाही. काल पोर खाली आली आणि म्हणाली, "आत्या, आई पप्पांच्या फोटोजवळ बसून सॉरी सॉरी म्हणते. नुसतं तेच." मी विद्यानगरला माझ्या घरी परत कशी आले मला आठवत नाही.

मी समजत होते की गप्प बसून मी तुझं एकट्याचं वाईट केलं. तुझं काय, तू सोसलंस, तू तसाच होतास. पण मी तिला तिच्या नवऱ्याशी नऊ वर्षं चुकीचं वागायला लावलं आणि तिला ते कळूही दिलं नाही. तू घरात ऐकून घेत होतास आणि मी भाऊबीजेला येऊन पुरणपोळी खाऊन जात होते.

विलू, मी स्वतःसाठी तुझी माफी मागणार नाही. मागायची वेळ होती तेव्हा तू समोर बसून सुपारी कातरत होतास. पण शोभाचं ऐक. ती तुला जे जे बोलली, भाजी वाढताना, पोरीसमोर, सणावारी, त्यातला एक शब्द तिचा नव्हता. तिच्यावर रागावू नकोस. तिला खरंच माहीत नव्हतं रे.